आष्ट्याच्या समुद्रातली आठ हातांची बाई

मंगल सरगरला एक खोड आहे. कापड पसरून कात्री हातात घेतली, की ती आधी विचारणार, "माप कुणाचं?" तिचं दुकान ड्रेपरीचं, म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने पोशाख देण्याचं. तिथे कसलं आलंय माप? एकच जिजाऊ सहावीतल्या पोरीलाही होते आणि हेडबाईंनाही होते, पाठीमागून पिना टोचल्या की झालं. पण नाही. डोळ्यांपुढे एखादं जिवंत माणूस उभं राहिल्याशिवाय मंगलची कात्री कापडाला शिवत नाही. वाघ शिवायचा असला तरी ती मनात कुणाला तरी धरते. तिच्या दुकानातला वाघ घालून पोरगं चालायला लागलं, की मला आमच्या गल्लीतला एक माणूस हटकून आठवतो. नाव सांगत नाही, शेजार आहे.

मी विजयमाला. मंगलच्या गाळ्याला लागूनच माझं ब्यूटी पार्लर आहे. एरवी नवऱ्या नटवते आणि गणपतीत जिवंत देखाव्यातल्या पोरांची तोंडं रंगवते. आमच्याकडे जिवंत देखाव्याला फार मान. गल्लीतलीच पोरंपोरी सोंगं घेऊन उभी राहतात, मागे रेकॉर्ड वाजते, पडदा उघडतो आणि आसपासच्या गावांतून माणसं ट्रॉल्या भरून बघायला येतात. कपडे मंगल शिवते, तोंडं मी रंगवते. आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत आहे आणि ती पातळ आहे, त्यामुळे तिच्याकडचं सगळं मला ऐकू येतं. मुद्दाम मी ऐकत नाही.

मंगल मूळची आटपाडीकडची, मेंढपाळाची सून. नवरा धनाजी फौजेत, दूर तिकडे बर्फात. दोन पोरं शाळेत. आणि सासू तानुबाई, आमची तानुमावशी. नवरा लवकर गेला, तेव्हा या बाईने एकटीने माळावर मेंढरं राखून चार लेकरं मोठी केली. लेकरं आपापल्या वाटेला लागली, मेंढरं विकली, तरी ही तिथेच एकटी राहत होती. एकदा विहिरीवर चक्कर येऊन पडली, तेव्हा धनाजीने फोनवरून मंगलला गळ घातली, "आईला आष्ट्याला घिऊन ये. तिला एवढं संबाळ, मग मी हितं निवांत झोपतो." मंगलने शब्द दिला.

शब्द द्यायला काय जातंय! तानुमावशी म्हणजे उंचनिंच, हाडापेराने दणकट, हनुवटीवर हिरवं गोंदण आणि जिभेला धार. सुनेच्या दुकानाला ती "सोंगांचं दुकान" म्हणायची आणि त्याचा उंबरा तिने कधी ओलांडला नाही. घरात मात्र तिचा हात पोचला नाही असा डबा नव्हता. शेंगदाणे किती उरले, पापड कुणी खाल्ले, साखरेत चमचा ओला का घातला, सगळा हिशेब चुकता. आणि मंगलही काही गरीब गाय नाही. दोघी एका घरात राहायच्या आणि निरोप पोरांच्या तोंडून धाडायच्या.

त्यात मंगलने घोंगडं कापलं. एका शाळेला रामायणातला जांबुवंत हवा होता. अस्वलाचं कातडं आणायचं कुठून? मंगलला फळीवर सासूचं जुनं काळं घोंगडं दिसलं, कडेला कसर लागलेलं. टाकाऊच आहे असं धरून तिने त्याचं अस्वल केलं. जांबुवंताचा पहिला नंबर आला आणि इकडे तानुमावशी गाठोडं बांधून एसटी स्टँडवर जाऊन बसली. ते घोंगडं धनाजीचे वडील पांघरायचे. आम्ही दोघी रिक्षाने गेलो, पाया पडलो, मंगल तर भर स्टँडवर रडली. मावशी परत आली, पण रिक्षात बसता बसता म्हणाली, "मंगल, आता माझ्या कशालाबी कात्री लावलीस तर ह्या घरात माझा पाय दिसायचा न्हाई. धन्याला बी सांगून ठिव." ही बाई बोलली की करणार. तेव्हापासून मंगल तिच्या लुगड्याचा काठसुद्धा जपून पिळायची.

यंदा आमच्या मंडळाने ठरवलं, जलपरींचं राज्य करायचं. कल्पना साईराजची. पोरगा कराडला इंजिनिअरिंग करतो आणि मंडळाचा सेक्रेटरी आहे. अध्यक्ष हंबीरराव. त्यांनी आधी खाकरून घेतलं, मग छाती भरून घेतली, मग डाव्या मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "पौराणिक लय झालं. ऐतिहासिक पलीकडच्या मंडळानं घेतलंय. आपुन पाण्यात शिरू." हंबीररावांचं बोलणं नेहमी असंच सुरू होतं. वाक्य चार शब्दांचं आणि तयारी लग्नाची.

आता समुद्र मंगलने बघितलेला नाही. मीही एकदाच बघितलाय, गणपतीपुळ्याला, आणि तेव्हा घाटात गाडी लागल्याने माझं डोकं गरगरत होतं. मंगलने तिच्या परीने अभ्यास केला. आषाढ सरता सरता बाजारातून कृष्णेतला मोठा कटला मासा आणला, ओट्यावर ठेवला आणि खवलं एकावर एक कशी बसतात ते नीट बघून चंदेरी सॅटिनचं शेपूट शिवलं. शेपूट असं उतरलं की विचारू नका. मंडळाची पोरं बघायला आली तेव्हा श्रावण लागला होता. पोरांनी शेपटावरून हात फिरवला. मग जयराज, आमच्या गल्लीतला पैलवान, आवंढा गिळून म्हणाला, "काकू, हिच्याकडं बघून रस्सा आठवतुया."

झालं. एकाने म्हटल्यावर सगळ्यांनाच आठवला. कुणी म्हणालं तळून बरा लागतो, कुणी म्हणालं डोकं रश्श्यातच पायजे. श्रावण पाळणाऱ्या पोरांचे फार हाल झाले. हंबीररावांनी खाकरून, छाती भरून निकाल दिला, "गणपतीफुडं कटला हुबा करून जमायचं न्हाई. लोकं देवाला हात जोडायचं सोडून कालवणाचं बोलतील. मंगल, आष्ट्यात कुणी कवा खाल्लं न्हाई आसलं काय तरी काढ."

मंगल दोन दिवस फुगून होती. पण मला विचाराल तर हा हुकूम तिच्या पथ्यावरच पडला. आष्ट्यात न खाल्लेलं शोधायचं म्हणून ती फोनवर समुद्राच्या तळाशी जाऊन बसली. मशीनचा आवाज बंद आणि भिंतीपलीकडून बुडबुड्यांचा आवाज. मध्येच तिची हाक, "विजाताई, हिकडं या, ह्यो बगा कसा हाय!" मी गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस पॅक लावून धावायची.

मी आपली समजत होते, जलपरी म्हणजे कंबरेवर बाई, कंबरेखाली मासा, मधे जोड. मंगल म्हणाली, "त्यो जोड न्हवं, ठिगळ झालं. शेपूट माशाचं आन् वागणं बाईचं, मग ती पाण्यात ऱ्हाईल कशी? आदी त्यो जीव वागतो कसा ते बघाय पायजे." म्हणून ती बघत बसायची. हा लपतो कुठे, भितो कुणाला, चिडला की काय करतो. एवढं बघून झालं की मग कापड पसरायची आणि तिची खोड जागी व्हायची. माप कुणाचं?

पहिला झाला राजवाड्याचा दारवान. समुद्रात एक मासा आहे, कुणी डिवचलं की अंगात पाणी भरून चेंडूसारखा फुगतो आणि त्याच्या अंगावरचे काटे उभे राहतात. मंगलने जयराजसाठी छाती-पोटावर गुंडाळायला टायरची ट्यूब बसवली, पडद्यामागून पायपंपाने हवा भरायची. रसवंतीवाल्याकडून आणलेल्या स्ट्रॉ कापून काटे केले, हवा नसताना ते अंगाला चिकटून राहतात आणि ट्यूब फुगली की ताठ होतात. मग समुद्रघोडा. त्याच्यात म्हणे पोरं नरच पोटात वागवतो. त्याला मंगलने पोटाशी पिशवी दिली आणि पिशवीतून डोकावणारी इवली इवली तोंडं. ज्ञानू रिक्षावाल्याची बायको नर्स आहे, तिची ड्यूटी असली की हा तान्ह्या पोरीला छातीशी झोळीत बांधून रिक्षा हाकतो. समुद्रघोडा कुठून आला ते न सांगता कळत होतं. ज्ञानू तर खूशच झाला, म्हणाला, "ह्ये सोंग मीच घेणार."

एक होती निळ्या पट्ट्यांच्या बारक्या माशाची बाई. ती एका जागी बसते आणि मोठमोठे मासे रांग लावून तिच्यापुढे तोंड उघडून उभे राहतात. ती त्यांची साफसफाई करते, तोंडं घासूनपुसून देते आणि चुरूचुरू बोलत असते. हे माप कुणाचं ते मला अजून कळलेलं नाही. माझा संशय दातांच्या डॉक्टरीणबाईंवर आहे. मंगलला विचारलं की ती नुसती हसते.

आणि मग ही आठ हातांची. खरं सांगायचं तर ती आली रागातून. त्या दिवशी सकाळी घरात साखरेवरून वाजलं होतं. मंगलने फोनवर ऑक्टोपस बघितला आणि फाडकन म्हणाली, "बगा विजाताई, आठ हात! आन् आठी हात आठ डब्यांत!" मला असं हसू आलं की हातातली वाटी सांडली. तिने तशीच बाई कापायला घेतली. एक हात डब्यावर, एक किल्लीवर, एक शेजारणीच्या पदराला.

तिसऱ्या प्रहरी भिंतीपलीकडे सगळं गप्प झालं. मी जाऊन बघितलं तर मंगल कात्री खाली ठेवून बसली होती. म्हणाली, "विजाताई, ही कपारीत अंडी घालती. घड टांगल्यागत. आन् मग जाग्यावरनं हलत न्हाई. हातांनी वारा घातल्यागत नुसतं पाणी वारत ऱ्हाती त्यास्नी. कोण आलं की अंगावर जाती. जेवत न्हाई, काय न्हाई. पिलं बाहीर पडस्तवर."

"मग?" मी विचारलं.

"मग मरती," मंगल म्हणाली, आणि तिने फोन पालथा घातला.

धनाजीने तिला कधी तरी सांगितलेलं होतं, दुष्काळात आई चौघांना वाढून स्वतः पाणी पिऊन निजायची. रागात ते आठवत नाही कुणाला. मंगलने कापलेलं सगळं उसवलं. डबे गेले, किल्ली गेली. नवी बाई झाली ती कपारीत बसलेली, माळाच्या मातीच्या रंगाची. दोन जाळ्या एकावर एक, खालची तांबूस, वरची करडी, दिवा बदलला की तिचं अंग रंग बदलायचं. दोन हात खरे, सहा फोमचे. मंगलने फोमचे हात बारीक नायलॉनच्या दोऱ्याने खऱ्या मनगटांना आणि कोपरांना असे बांधले, की दोन हलले की आठही हलत. वर तासगावच्या द्राक्षांसारखे पांढऱ्या मण्यांचे घड. साईराजने रेकॉर्डमध्ये तिच्या मरणाचं वाक्य घातलं होतं, ते मंगलने भांडून काढायला लावलं. "तेवढं नगं," एवढंच म्हणाली.

सोंग घेणार होती पूजा, कॉलेजातली पोरगी. तालमीच्या दिवशी मी तिचं तोंड रंगवत होते. सुरकुत्या काढल्या, डोळे खोल केले. मंगल लांबून बघत म्हणाली, "हनुवटीवर कायतरी कमी हाय." मी ब्रश हिरव्यात बुडवला आणि विचार न करता हनुवटीवर ठिपके दिले, खाली एक रेघ. पूजाने मान वर केली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. समोर तानुमावशी बसली होती. आठ हातांची.

तेवढ्यात पलीकडे जयराजच्या ट्यूबमध्ये हवा भरली. तो आधी खाकरला, मग त्याची छाती भरली, मग त्याने डाव्या मिशीला पीळ दिला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, पोशाखच तसा होता, त्यात शिरलं की माणूस हंबीरराव होत होता. पोरं पोट धरून हसली. मग सगळ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं, की उद्‌घाटन हंबीररावांच्याच हस्ते आहे.

मंगल मटकन खाली बसली. "विजाताई, म्या काय केलं ह्ये! हंबीरआण्णांचं एकवेळ ऱ्हाऊ द्या, देखावा बंद करतील, शिव्या देतील, सोसंन. पर आत्यांनी बघितलं तर?" सासूला ती आत्या म्हणते. "घोंगडं कापलं तवा स्टँडवर जाऊन बसल्या. आता तर सबंध त्यास्नीच कापून ठिवलंय. लोकं हसतील ते येगळंच. गाठुडं बांधून गेल्या आन् तिकडं माळावर परत पडल्या, तर म्या त्यांच्या लेकाला काय तोंड दावू?"

पोशाख बदलायला वेळ नव्हता, आणि गोंदण पुसू द्यायला पोरं तयार नव्हती. मी तिला समजावलं, तानुमावशी कुठे बघायला येते? सोंगं बघायला जाणार नाही अशी तिची शपथच आहे. तेवढाच आधार होता. तरी मंगलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवसभर काही ना काही शिवत, उसवत राहायची, डबा तसाच परत घेऊन जायची. घरी गेली तरी सासूच्या नजरेला नजर देत नव्हती.

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी हंबीरराव फेटा बांधून आले. आम्ही पडद्यामागून बघत होतो. पडदा उघडला, निळा दिवा लागला, आणि दारवानाच्या अंगात हवा भरायला लागली. खाकरणं झालं. छाती झाली. मिशी झाली. पुढे बसलेली सगळी माणसं देखाव्याकडे न बघता हंबीररावांकडे बघत होती. हंबीररावांनी डोळे बारीक केले. पुढे झुकले. आणि मांडीवर थाप मारून असे हसले की फेटा सुटला.

"आरं, ह्यो तर आमचा व्याही!" डोळे पुसत ते म्हणाले. "आक्षी त्योच! बोलायच्या आदी आसाच फुगतोय बघा! मंगल, तू कवा बघितलंस गं त्याला?"

मंगलने देवाकडे बघून हात जोडले. मीही तिथेच खुर्चीवर बसले. कधी कुणाच्या मूर्खपणाचं एवढं बरं वाटलं नव्हतं. जो तो दुसऱ्यालाच ओळखत होता. ज्याचा वाघ त्याला नाही दिसत, हे मला आधीच कळायला हवं होतं. मीच शहाणी म्हणून सगळ्यांना ओळखत होते.

पण सुटकेचा श्वास पुरता सोडायला मिळाला नाही. हंबीरराव खूश झाले ते झालेच, माईक हातात घेऊन उभे राहिले. खाकरले. छाती भरली. "आपल्या मंगलनं मंडळाचं नाव केलंय. तिचा मालक शिमेवर हाय. तवा उद्याची आरती धनाजीच्या मातोश्री तानुबाई यांच्या हस्ते हुईल, आन् त्यास्नी फुडल्या खुर्चीत बसवून देखावा दावला जाईल. मी सोता त्यास्नी आणाय जाणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलचा चेहरा पिठासारखा झाला.

देवाच्या आरतीला नाही म्हणायची तानुमावशीची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात एक फडक्यात बांधलेलं काहीतरी धरून, हंबीररावांच्या गाडीतून उतरली. इकडे मी पूजाची हनुवटी घासत होते. हिरवा रंग इतके दिवस लावून लावून कातडीत बसला होता. खोबरेल तेल झालं, क्रीम झालं. पूजा ओरडायला लागली, "काकू, सालटं निघंल!" हनुवटी आधी हिरवी होती, आता हिरवी आणि लाल झाली. वरून पावडर थापली तर गोंदण अजून उठून दिसायला लागलं. मी नाद सोडला.

आरती झाली. तानुमावशी पुढच्या खुर्चीत बसली, शेजारी मी. मंगल पडद्यामागे. पडदा उघडला. दारवान फुगला, मावशी हसली नाही. समुद्रघोडा आला, ती ज्ञानूकडे बघून "बरा बाबा हाय ह्यो" म्हणाली. मग कपारीवर दिवा पडला. आठ हात एकदम हलले. साईराजचा आवाज सांगत होता, ही आई अंड्यांना पाणी वारत राहते, जागची हलत नाही, पिलं बाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवत नाही. तानुमावशीच्या हातातलं फडकं मांडीवर घट्ट धरलेलं मला दिसलं. तिने एकदाही पापणी लववली नाही. मी मनात म्हणाले, झालं. आता गाठोडं.

पडदा पडला आणि ती उठली. घराच्या दिशेने गेली नाही. सरळ मांडवाच्या मागे निघाली, जिथे पोशाख टांगले होते, सुया-दोरे पडले होते, जिथे सोंगं तयार होतात तिथे. मी तिच्या मागे धावले. मंगल फोमच्या तुकड्यांत उभी होती, पळायला वाट नव्हती.

"मंगल," तानुमावशी म्हणाली, "ही आठ हातांची कोण हाय, ठावं हाय का तुला?"

मंगलने हातातला फोम खाली ठेवला.

"तूच हायस की गं ती," मावशी म्हणाली. "एक हात शिलाईला, एक पोरांस्नी, एक चुलीला, एक फोनवर धन्याला. मला बी एका हातानं धरून ठिवलंयस. पोरांनी तुला बरूबर दावलंय. आन् त्या पोरानं रेकॉर्डीत सांगितलं तसंच, जेवायची शुद न्हाई. डबा भरून न्हेतीस आन् भरलेला परत आणतीस. मी डबं बघती म्हून तर कळतंय मला." मग तिने पूजाकडे बोट केलं. "हनुवटीवर गोंदान तेवढं उगंच काढलंय कुणीतर. तुला कुठं हाय गोंदान?"

मी जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, वाचलो. बाई गं मंगल, आता गप्प राहा, हो म्हण आणि मोकळी हो. हंबीररावांच्या व्याह्यासारखंच हेही निभावून गेलं. पण मंगलला ते जमेना. ती मावशीच्या पायांशी बसली आणि रडतच म्हणाली, "आवं आत्या, ती म्या न्हाई. तुमी हायसा. तुमचंच माप धरून कापलंय म्या. तुमी नगं म्हनला हुता, तरी कापलं. पर जाऊ नगासा."

तानुमावशीने तिच्याकडे बघितलं. मग पूजाच्या अंगावरच्या त्या हातांकडे बघितलं, वर टांगलेल्या घडांकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणार, आता चिडणार. ती मंगलसमोर खाली बसली, मांडीवर फडकं सोडलं. आत भाकरी होती, वर शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा.

"माझी पिलं कवाच बाहीर पडली," ती म्हणाली. "मी जेवून आलीया. तू जेव."

मंगल तिथेच बसून जेवली. रडत जेवली, पण सगळी भाकरी संपवली. शेवटचा घास होईपर्यंत तानुमावशी तिच्यासमोरून हलली नाही.